तो फ्लॅग चुकीचा असेल, तरीही

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही मूळचे कोल्हापूरचे, आता ओहायोत कोलंबसजवळ राहतो. मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लेफ्ट गार्ड खेळतो, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी समोरच्यांना अडवणाऱ्या ओळीत. आपल्या मंडळातली मुलं टेनिस आणि पोहण्याकडे वळतात. याने हा खेळ स्वतःहून निवडला, म्हणून घरात त्याचं जास्तच कौतुक.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात आम्ही १४-१७ ने मागे होतो. ३८ सेकंद उरले असताना आमच्या रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याने, टचडाउन केला: चेंडू त्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेला. सगळा स्टँड उभा राहिला आणि तेवढ्यात गवतावर पंचांनी टाकलेला पिवळा फ्लॅग, म्हणजे नियमभंगाची खूण, दिसला. होल्डिंग, म्हणजे समोरच्याला पकडून ठेवणं, आणि पंचांनी सांगितलेला नंबर माझ्या मुलाचा. टचडाउन रद्द, दहा यार्ड मागे, पुढच्याच पासवर इंटरसेप्शन, म्हणजे चेंडू त्यांनीच झेलला. सामना गेला, प्लेऑफही गेली.

तो प्ले मी फोनवर टिपला आहे. स्लो मोशनमध्ये मुलाचे हात समोरच्याच्या छातीवर आहेत हे स्पष्ट दिसतं. त्या रात्री आमच्यावर आठ फ्लॅग पडले, त्यांच्यावर तीन. पंच त्यांच्या काउंटीतले होते असं ऐकतो. शिवाय त्या ओळीत रंगाने वेगळा दिसणारा माझाच मुलगा होता, हेही मनातून जात नाही. क्लिप मी फेसबुकवर आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकली. खाली कुणीतरी त्या पंचाचं नाव आणि तो कुठे नोकरी करतो ते शोधून लिहिलं.

आता राज्याच्या संघटनेकडे दाद मागायची आहे. एक वकील मित्र मदतीला तयार आहे. पत्नी म्हणते, सोडून द्या. मुलाला मी रोज सांगतो की तुझी काही चूक नव्हती, तुम्हाला लुबाडलं, पण तो धड बोलतच नाही. तुम्ही स्वतः हायस्कूलच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहता, म्हणून तुम्हालाच विचारतो. हा न्याय आहे का? आणि मी काय करू?

— एक अस्वस्थ वडील

उत्तर

नमस्कार,

पत्र मिळालं, क्लिपही पाहिली. बाकीचं बोलण्याआधी एक काम सांगतो आणि ते आजच करा. फेसबुकवरची पोस्ट काढून टाका, आणि मंडळाच्या ग्रुपवर स्वतः लिहा की त्या माणसाचं नाव आणि नोकरीचं ठिकाण कुणी पुढे पाठवू नये. नाव तुम्ही शोधलं नाही हे खरं, पण ते तुमच्या भिंतीवर आहे. तो माणूस सोमवार ते शुक्रवार कुठेतरी काम करतो, शुक्रवारी संध्याकाळी पट्ट्यांचा शर्ट घालून मैदानावर येतो आणि सामन्यामागे साधारण शंभर डॉलरच्या आगेमागे मानधन घेऊन रात्री उशिरा घरी जातो. त्याच्या ऑफिसात फोन जायला लागले, तर त्या प्रकाराचा होल्डिंगशी काही संबंध उरणार नाही.

हे मी भीती घालायला सांगत नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासात मार्बल फॉल्स इथल्या हायस्कूल सामन्यात सॅन अँटोनियोच्या एका शाळेच्या दोन खेळाडूंनी अंपायरला, म्हणजे मैदानावरच्या पंचांपैकी एकाला, जाणूनबुजून मागून येऊन आडवं केलं. त्याची नजर चेंडूकडे होती. तो व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. तुम्ही कोल्हापूरचे, म्हणजे कुस्ती तुमच्या रक्तात. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत निकाल पटला नाही म्हणून शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली, हे तुम्ही वाचलंच असेल. निकाल बरोबर होता की चूक, यावर नंतर बरीच चर्चा झाली. पण ती लाथ पडल्यावर त्या पैलवानाच्या बाजूने बोलणं त्याच्या चाहत्यांनाही अवघड झालं.

आता तुमच्या क्लिपबद्दल. ती मी बऱ्याचदा पाहिली, थांबवून पाहिली. त्यावरून फ्लॅग बरोबर होता असं मी म्हणू शकत नाही, आणि चूक होता असंही म्हणू शकत नाही. हे उत्तर तुम्हाला टाळाटाळीचं वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमचा सगळा भर ‘हात छातीवर होते’ यावर आहे. ब्लॉक करणाऱ्याने हात समोरच्याच्या धडाच्या चौकटीत ठेवावेत असं कोच शिकवतात, ते बरोबरच आहे. पण चौकटीतले हात म्हणजे निर्दोष हात असा नियम नाही. हायस्कूलच्या नियमांत होल्डिंग म्हणजे समोरच्याला अडवून ठेवण्यासाठी त्याला पकडणं, कवेत घेणं, अडकवणं, जखडणं. छातीवर उघडे हात ठेवून ढकललं तर चालतं. त्याच हातांनी छातीवरची जर्सी मुठीत धरली आणि तो सुटून चेंडूवाल्याकडे निघाला असताना सोडली नाही, तर ते होल्डिंग. म्हणजे हात कुठे होते याने प्रश्न सुटत नाही. तो सुटायला निघाला त्या क्षणी मुठी उघडल्या का, हे पाहावं लागतं. तुमच्या क्लिपमध्ये नेमक्या त्या क्षणी मुलाची पाठ कॅमेऱ्याकडे आहे. मुठी दिसत नाहीत.

त्या मुठी कुणाला दिसत होत्या? पाच पंचांच्या चमूत अंपायर बचावफळीच्या मागे, मैदानाच्या मधोमध उभा असतो. सेंटर आणि दोन्ही गार्ड हे त्याचं क्षेत्र. बॉल उडाला, म्हणजे प्ले सुरू झाला, की बाकीचं स्टेडियम चेंडूकडे बघतं आणि अंपायर चेंडू सोडून या तिघांच्या हातांकडे बघतो. तो काही यार्डांवर होता आणि तुमच्या मुलाच्या समोर होता. तुम्ही स्टँडच्या वरच्या भागात, मागच्या कोनात, झूम लावून. झूममुळे अंतरं चपटी होतात, दोन शरीरांमधली जागा कळत नाही. स्लो मोशनचीही एक अडचण आहे. तिच्यात बघणाऱ्याला खेळाडूची प्रत्येक हालचाल ठरवून केल्यासारखी वाटू लागते, आणि यावर संशोधनही झालेलं आहे. अंपायरला तो क्षण एकदाच, खऱ्या वेगात मिळतो. तो जर्सीचा ताण बघतो, बचावपटूचा खांदा अचानक खाली ओढला गेला का ते बघतो, त्याचे पाय पळता पळता जागच्या जागी थांबले का ते बघतो. तुमच्या क्लिपमध्ये त्या बचावपटूचा उजवा खांदा झटकन वळलेला मला दिसतो. तो ओढल्यामुळे वळला की तो स्वतः वळला, हे मागून सांगता येत नाही. एंड झोनच्या मागून घेतलेली फिल्म तुमच्या कोचकडे नक्की असेल. खरं काय ते तिच्यात दिसलं तर दिसेल.

‘होल्डिंग तर प्रत्येक प्लेला होतं, मग याच प्लेला का?’ हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण स्टँडमध्ये त्या रात्री शंभर जण बोलले असतील. त्यात तथ्य आहे. प्रत्येक प्लेमध्ये कुठे ना कुठे कुणाची तरी जर्सी कुणाच्या तरी हातात येते. आपण सगळे फ्लॅग टाकले तर सामना मध्यरात्रीपर्यंत संपणार नाही. म्हणून पंच आधी बघतो की ही पकड प्लेच्या मार्गावर होती का आणि तिने कुणाची संधी हिरावली का. चेंडू उजवीकडून पळतोय आणि डावीकडच्या टोकाला दोघे मिठीत आहेत, तर आम्ही त्यांना बोलून सोडवतो: ‘चौसष्ट, हात सोड.’ पण तुमच्या रनिंग बॅकने शोधलेली फट लेफ्ट गार्डच्या खांद्याला लागून होती. तिथे पकड असेल, तर टचडाउन त्या पकडीतून झाला.

आणि तिथे पकड असताना फ्लॅग पडला नसता तर? पलीकडच्या शाळेतल्या सोळा-सतरा वर्षांच्या बचावपटूने घरी जाऊन सांगितलं असतं की मी त्याला गाठलंच होतं, माझी जर्सी धरून ठेवली होती. मग त्याच्या वडिलांनी कुणाला तरी पत्र लिहिलं असतं. पंच म्हणून मी मैदानावर उतरतो तेव्हा माझ्या डोक्यात हे दोन्ही बाप असतात.

काही पालक आणि काही कोचही म्हणतात की शेवटच्या मिनिटात पंचांनी हात आखडता घ्यावा, निकाल मुलांना ठरवू द्यावा. मला हे मुळीच मान्य नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये जी पकड होल्डिंग होती, ती चौथ्या क्वार्टरमध्ये ३८ सेकंद उरल्यावरही होल्डिंगच. आणि पहिल्या क्वार्टरमध्ये जी सोडून दिली, ती शेवटी पकडायची नाही. शेवटच्या मिनिटात फ्लॅग खिशात ठेवणाराही निकाल ठरवतोच. फक्त तो नियम मोडणाऱ्याच्या बाजूने ठरवतो आणि कुणाला दिसत नाही. माझ्याकडून तुम्ही जी निष्पक्षता मागू शकता ती एवढीच: दोन्ही संघांना एकच माप, पहिल्या किकपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. माझा प्रत्येक निर्णय अचूक असेल अशी हमी कुठलाही प्रामाणिक पंच देणार नाही. पण माप बदलणार नाही याची हमी द्यायलाच हवी, आणि ज्याला ती देता येत नाही त्याने पट्ट्यांचा शर्ट घालू नये.

हे माप लावलं की तुमच्या आठ आणि तीन फ्लॅगच्या हिशोबाकडे वेगळं पाहता येतं. दोन्ही संघांनी सारखेच गुन्हे केले असतील तरच फ्लॅगची संख्या सारखी निघावी. एखाद्या संघाची ओळ घाईने हलत असेल, तर फॉल्स स्टार्टचेच चार फ्लॅग पडतात आणि त्यात मतमतांतराला जागा नसते. तुमचे आठ कशाकशाचे होते? ते लिहून काढा. त्यातले किती पंचाच्या नजरेवर अवलंबून होते आणि किती उघड होते, हे बघितल्यावर आठ हा आकडा मनात इतका घुमणार नाही.

पक्षपात मात्र असूच शकत नाही असं मी म्हणणार नाही. प्रेक्षकांच्या आवाजाचा पंचांवर परिणाम होतो. सॉकरच्या पंचांना एकच फिल्म आवाजासह आणि आवाजाविना दाखवून हे तपासलं गेलंय. गर्दीचा गलका ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले. म्हणून चांगले चमू याबद्दल आपसात बोलतात आणि सामन्यानंतर फिल्म बघतात. काउंटीचं म्हणाल, तर पंचांची नेमणूक करणारे शक्यतो पंचाचं स्वतःचं मूल शिकतंय किंवा तो स्वतः शिकलाय अशी शाळा टाळतात. पण पंच आता इतके कमी आहेत की तीन काउंट्या पलीकडून चमू आणणं दर वेळी जमत नाही. हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघानेच सांगितलंय की २०१८-१९ च्या हंगामापासून काही वर्षांत सुमारे ५०,००० पंचांनी हे काम सोडलं. सोडण्याच्या कारणांत स्टँडमधून आणि आता फोनवरून येणाऱ्या शिव्या अगदी वरच्या आहेत.

रंगाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मी हलकं घेत नाही. मीही याच रंगाचा आहे आणि त्याच मैदानांवर उभा असतो. तुमच्या मुलाला पंच, खेळाडू किंवा प्रेक्षक यांच्यापैकी कुणी काही बोललं असेल, त्याच्या नावाची, घराची किंवा कातडीची टिंगल केली असेल, तर त्याची तक्रार वेगळी करा. शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरकडे लेखी करा, लगेच करा, आणि कुणी ‘जाऊ द्या’ म्हटलं तरी मागे हटू नका. पण अशी तक्रार घडलेल्या गोष्टीवर उभी राहावी. एका होल्डिंगच्या फ्लॅगवर ती उभी केलीत तर ती टिकणार नाही, आणि पुढे कधी खरंच काही घडलं तर तुमचं म्हणणं ऐकायला लोक तयार नसतील. मुलाला आधी विचारा की त्याला तसं काही जाणवलं का. हा संशय त्याचा आहे की तुमचा, हे पत्रातून मला कळलं नाही.

आता दाद आणि वकील. इथे मला थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण तुमच्या आधी हे काही जणांनी करून पाहिलंय, आणि त्यांची बाजू तुमच्यापेक्षा कितीतरी भक्कम होती.

१९८१ चा ऑक्टोबर, जॉर्जिया. ऑस्बोर्न हायस्कूल ७-६ ने पुढे होतं. त्यांनी पंट मारला, म्हणजे चेंडू लाथेने लांब समोरच्यांकडे पाठवला, आणि समोरच्यांनी किकरला धडक दिली. नियमाप्रमाणे १५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार संधी (डाउन) नव्याने, मिळायला हवा होता. पंचांनी १५ यार्ड दिले, फर्स्ट डाउन दिला नाही. ऑस्बोर्नला पुन्हा पंट मारावा लागला, तिथून लिथिया स्प्रिंग्सने आघाडी घेतली आणि सामना १६-७ ने जिंकला. ही नजरेची चूक नव्हती, पुस्तकातला नियमच चुकीचा लावला गेला होता. पालक कोर्टात गेले, आणि खालच्या न्यायालयाने सामना त्याच जागेपासून पुन्हा खेळवा असा आदेशही दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. फुटबॉल पंचांच्या निर्णयांचा फेरविचार करण्याचा अधिकार न्यायालयांना नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

२०१४ चा नोव्हेंबर, ओक्लाहोमा. राज्य स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. डग्लस हायस्कूल १९-२० ने मागे, ६४ सेकंद उरलेले, आणि त्यांनी ५८ यार्डांचा टचडाउन केला. खेळाडू पळत असताना साइडलाइनवर त्यांचा एक कोच उत्साहात पंचाला धडकला. फ्लॅग पडला. शिक्षा पाच यार्डांची होती, तीही टचडाउननंतरच्या प्लेवर. पंचांनी टचडाउनच रद्द केला. राज्य संघटनेने चूक मान्य केली, माफी मागितली, पण निकाल बदलला नाही. तिथल्या सरकारी शाळा चालवणारा शाळांचा जिल्हा कोर्टात गेला. शेवटची ६४ सेकंदं किंवा अख्खा सामना पुन्हा खेळवा अशी मागणी होती. न्यायाधीशांनी ती नाकारली. हायस्कूल सामन्याचा निकाल काय लागायला हवा हे ठरवायला न्यायालय संघटनेपेक्षा जास्त लायक आहे असं मानणं अवाजवी ठरेल, आणि एकदा हे दार उघडलं की खेळांचे निकाल मैदानाऐवजी कोर्टात लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

डग्लसच्या मुलांबद्दल आजही वाईट वाटतं. त्यांच्यावर अन्याय झाला, त्यात शंकाच नाही. तरीही मला तो निकाल योग्य वाटतो. दोन आठवड्यांनी ती ६४ सेकंदं पुन्हा खेळवली असती तर ती तीच ६४ सेकंदं राहिली नसती. दमलेले पाय ताजे झालेले, जखमी झालेला कुणी बरा झालेला, समोरच्याला तुमचा प्ले पाठ झालेला. आणि आधीच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीस मिनिटांत दोन्ही बाजूंना झालेल्या, कुणाच्या लक्षातही न आलेल्या चुका तशाच राहिल्या असत्या. हरलेल्या बाजूने निवडलेली एकच चूक दुरुस्त करायची आणि बाकीच्या ठेवायच्या, यात दोन मापं येतात.

चूक दुरुस्त करायला नियमांनी एक खिडकी ठेवलेली आहे, आणि ती मैदानावरच आहे. नियम चुकीचा लावला गेलाय असं कोचला वाटलं, तर पुढचा बॉल उडायच्या आत तो टाइम-आउट घेऊन रेफरीला, म्हणजे मुख्य पंचाला, साइडलाइनवर बोलावू शकतो. कोच बरोबर ठरला तर निर्णय दुरुस्त होतो आणि त्याचा टाइम-आउट जात नाही. चूक ठरला तर जातो. हे फक्त नियमांपुरतं आहे. ‘हात पकडलेले होते की नव्हते’ हे नजरेचं काम, त्यावर अशी चर्चा होत नाही. तुमचा प्रश्न पूर्णपणे नजरेचा आहे. ओहायोत नेहमीच्या सामन्यात आम्हाला व्हिडिओ बघून निर्णय बदलता येत नाही, आणि सामना संपला की निकाल कायम. संघटनेला पत्र पाठवलंत तर तिथून नम्र उत्तर येईल, बदल येणार नाही. वकील मित्राचा वेळ वाचवा.

खेळून झाल्यावर निकाल बदलल्याचं एक उदाहरण मला माहीत आहे, कॉलेजच्या फुटबॉलमधलं. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये डार्टमथविरुद्ध कॉर्नेलने शेवटच्या सेकंदांत टचडाउन करून ७-३ ने सामना जिंकला. नंतर फिल्म पाहिल्यावर कळलं की पंचांनी मोजण्यात चूक करून कॉर्नेलला चारऐवजी पाच डाउन दिले होते आणि टचडाउन पाचव्या डाउनवर झाला होता. रेफरीने चूक कबूल केली. पण निकाल फिरवायचा अधिकार त्यालाही नव्हता. कॉर्नेलनेच तार करून विजय सोडला, आणि आजही नोंद डार्टमथ ३, कॉर्नेल ० अशी आहे. पन्नास वर्षांनी, १९९० मध्ये, कोलोरॅडोनेही मिझुरीविरुद्ध पाचव्या डाउनवरच टचडाउन करून सामना जिंकला. त्यांनी विजय ठेवला. तो ३३-३१ आजही कायम आहे, आणि लोक त्याबद्दल आजही बोलतात. हा विजय सोडण्याचा हक्क जिंकलेल्याच्या हातात होता. हरलेल्याला तो कोर्टातून ओढून घेता येत नाही.

तुमच्या हातात मग काय उरतं? बरंच काही. कोचला भेटा, आणि भेटताना आवाज खाली ठेवा. एंड झोनची फिल्म त्यांनी पंचांची नेमणूक करणाऱ्याकडे पाठवावी अशी विनंती करा. हा रुळलेला मार्ग आहे. तो प्ले त्या चमूसमोर लावला जातो, अंपायरला त्याबद्दल विचारलं जातं, आणि कोचनी पंचांना दिलेल्या मतांचा प्लेऑफच्या नेमणुकांवर परिणाम होतो. फ्लॅग चुकीचा असेल तर त्या माणसाला तो कळायलाच हवा. चांगल्या अंपायरला ते कळून घ्यायचंही असतं. फेसबुकवरच्या चारशे कमेंटमधून हे साधणार नाही.

दुसरं, पुढच्या ऑगस्टमध्ये शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला सांगा की नववीच्या किंवा जेव्हीच्या (शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघाच्या) सामन्यांना मी चेन धरायला येतो. दहा यार्डांची ती साखळी आणि डाउनचा खांब धरणारे बहुतेक वेळा यजमान शाळेचे स्वयंसेवकच असतात, आणि त्यांची सतत गरज असते. चेन धरणाऱ्याला कुठल्याही संघासाठी ओरडता येत नाही. तुम्ही साइडलाइनवर, लाइन्समनच्या शेजारी उभे राहाल. स्टँडमधून न ऐकू येणारं बरंच काही तिथे ऐकू येईल: पंच मुलांना काय सांगतात, कुणाला समजावतात, कुणाला सोडून देतात, आणि दोन्ही बाजूंचे कोच एकाच प्लेवर एकाच वेळी ‘होल्डिंग!’ म्हणून कसे ओरडतात. दोन-तीन सामने तिथे उभे राहा आणि मग मला पुन्हा लिहा.

आता तुमच्या मुलाबद्दल. तुमच्या पत्रातली जी गोष्ट वाचून मी सगळ्यात जास्त थांबलो, ती तुम्ही शेवटी घाईत लिहिली आहे. तुम्ही त्याला रोज सांगता की तुझी चूक नव्हती, आणि तो बोलत नाही. त्या मैदानावर मुठी उघडल्या होत्या की बंद, हे खात्रीने सांगू शकणारा एकच माणूस आहे, आणि तो तुमच्या घरात राहतो. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, मला विचारलंत, वकिलाला विचारलंत. त्याला विचारल्याचं पत्रात कुठेच नाही.

समजा त्याने जर्सी धरली होती आणि त्याला ते माहीत आहे. मग तुमच्या रोजच्या ‘तुझी चूक नव्हती’चं त्याने काय करावं? हो म्हणावं तर खोटं बोलावं लागतं. नाही म्हणावं तर फेसबुकवर लढणारे वडील तोंडघशी पडतात. सोळा वर्षांच्या मुलासाठी हे फार आहे, आणि संघ हरल्याचं ओझं त्याच्या खांद्यावर आधीच आहे. मला हे तसंच झालंय असं म्हणायचं नाही. पण तो गप्प का आहे याचा विचार करताना ही शक्यता बाजूला सारू नका.

म्हणून त्याला एकदाच विचारा, गाडीत किंवा जेवणानंतर, समोरासमोर न बसता: ‘त्या प्लेला तुझ्या हातात जर्सी होती का रे?’ मग थांबा. तो हो म्हणाला, तर त्याच्यावर रागवू नका आणि पंचाला दिलेल्या शिव्यांची आठवणही काढू नका. लाइन कोचकडे पाठवा. हात कधी सोडायचे हे शिकवता येतं, आणि त्याच्याकडे अजून बारावीचा अख्खा हंगाम आहे. तो नाही म्हणाला, तर विश्वास ठेवा, तसं त्याला सांगा आणि फिल्म कोचमार्फत वर जाऊ द्या. आणि ‘माहीत नाही, सगळं फार वेगात झालं’ असं म्हणाला, तर तेही खरं माना, कारण अंपायरलाही ते तेवढ्याच वेगात दिसलं होतं. हंगाम संपलाय आणि फिल्म कोचकडे आहे. ती बघायची का आणि कधी, हे त्याला ठरवू द्या.